हरणाऱ्याचा पहिला मान

स्पर्धेत जो शेवटचा आला त्याने पुढच्या वर्षासाठी सर्वांत आधी निवड करावी, हा नियम प्रथम ऐकताना न्यायाचा वाटतो. जरा विचार केला की विचित्र वाटू लागतो. ज्याची पारख वर्षभर फसत गेली त्याच्याच हाती सर्वांत मोलाची पारख सोपवायची, असा त्याचा अर्थ होतो. अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये नव्या खेळाडूंची जी वार्षिक वाटणी होते, जिला तिथे ‘ड्राफ्ट’ म्हणतात, ती या नियमावर उभी आहे. फुटबॉल म्हणजे अर्थातच आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, डोक्यावर शिरस्त्राण आणि खांद्यांवर कवच चढवून खेळला जाणारा तो अमेरिकन खेळ. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस ३२ संघ सात फेऱ्यांमध्ये महाविद्यालयांतून बाहेर पडणारे खेळाडू निवडतात. गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याचा क्रमांक पहिला, विजेत्याचा शेवटचा. आयपीएलच्या लिलावात ज्याची बोली मोठी त्याला खेळाडू मिळतो. इथे ज्याची पाळी आधी त्याला. ही पाळी दुसऱ्याला देताही येते. संघ आपला वरचा क्रमांक देऊन त्याच्या बदल्यात खालचे अनेक क्रमांक, पुढील वर्षांचे हक्क किंवा तयार खेळाडू घेऊ शकतो.

तेव्हा प्रश्न असा की, हाती वरचा क्रमांक आला तर संघाने त्याचे काय करावे? एका तरुणावर सारे लावावे, की बंद्या रुपयाची मोड करून घ्यावी?

साहित्य शिकवणाऱ्या बाईने या प्रश्नात पडावे याचे काहींना आश्चर्य वाटेल. मला मात्र हा समीक्षेचाच एक प्रश्न वाटत आला आहे. ड्राफ्टमध्ये जे चालते ते अजून लिहिल्या न गेलेल्या ग्रंथाचे परीक्षण असते. समोर असतात एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या आरंभीच्या चार कविता. आणि त्यांवरून दहा वर्षांनंतरच्या कवीचे मोल आज, सर्वांसमक्ष, आकड्यात सांगायचे असते.

या प्रथेचा जन्मही स्वार्थ आणि न्याय यांच्या सरमिसळीतून झाला. फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचा मालक बर्ट बेल याने १९३५ साली ही कल्पना मांडली. त्याचा संघ हरत होता आणि चांगले खेळाडू श्रीमंत, यशस्वी संघांकडे जात होते. पहिला ड्राफ्ट फेब्रुवारी १९३६ मध्ये फिलाडेल्फियातील एका हॉटेलात झाला. आदल्या हंगामात तळाशी असलेल्या बेलच्याच संघाला पहिला मान मिळाला. त्याने निवडला शिकागो विद्यापीठाचा जे बर्वांगर. महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा सर्वोच्च सन्मान, जो पुढे हाइझमन करंडक म्हणून ओळखला गेला, त्याचा तो पहिलाच मानकरी होता. बेलने त्याचा हक्क शिकागो बेअर्सच्या जॉर्ज हॅलासला दिला. पैशांवरून त्यांचे जमले नाही, आणि बर्वांगर व्यावसायिक फुटबॉल एकदाही खेळला नाही. पुढे तो उद्योगव्यवसायात रमला. म्हणजे या संस्थेच्या इतिहासातील पहिल्यावहिल्या निवडीतून संघाच्या हाती काहीच लागले नाही. त्याच्या विद्यापीठाने तर चारच वर्षांनी, १९३९ च्या अखेरीस, फुटबॉलचा संघच मोडला. अभिजात ग्रंथांच्या अध्यापनाचा आग्रह धरणारे रॉबर्ट हचिन्स तेव्हा तिथे अध्यक्ष होते.

मी १९९७ साली पुण्याहून शिकागोजवळच्या एका विद्यापीठात शिकायला आले आणि पुढे याच परिसरात शिकवू लागले. इथल्या हिवाळ्यात फुटबॉल टाळणे अशक्य असते. बेअर्सचा पराभव सोमवारी सकाळी कचेरीतल्या माणसांच्या चेहऱ्यांवर वाचता येतो. तरी ड्राफ्टचे खरे स्वरूप मला कळले ते २०१५ साली, तो शिकागोत भरला तेव्हा. नावे पुकारली जात होती ॲडलर आणि सलिव्हन यांनी बांधलेल्या १८८९ च्या ऑडिटोरियम थिएटरात. समोरच्या ग्रँट पार्कमध्ये हजारो माणसे जमली होती. खेळ कुठेच चालू नव्हता. मंचावरून फक्त नावे वाचली जात होती, आणि प्रत्येक नावानंतर कुणी आनंदाने ओरडत होते, कुणी डोके धरून बसत होते. सातव्या क्रमांकावर शिकागोने केव्हिन व्हाइट नावाचा चेंडू झेलणारा खेळाडू घेतला. उद्यानात जल्लोष झाला. व्हाइटचा पहिला संपूर्ण हंगाम नडगीच्या दुखापतीत गेला. चार वर्षांत तो शिकागोसाठी १४ सामने खेळला. त्या संध्याकाळी हे कुणालाही ठाऊक असणे शक्य नव्हते, आणि तरीही प्रत्येकाचे मत ठाम होते. संमेलनाच्या मांडवात आम्ही साहित्यिक मंडळी याहून निराळे वागतो असे मला म्हणता येणार नाही.

या ठामपणाला एक दरपत्रकही आहे. १९९० च्या दशकाच्या आरंभी डॅलस काउबॉइज संघाने प्रत्येक क्रमांकाला गुण देणारा तक्ता तयार केला. पहिल्या क्रमांकाला ३०००, दुसऱ्याला २६००, दहाव्याला १३००, बत्तिसाव्याला ५९०. हळूहळू सगळेच संघ त्याच्या आधाराने देवघेव करू लागले. या तक्त्यानुसार पहिला खेळाडू बत्तिसाव्याच्या पाचपट मोलाचा ठरतो. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी हे गृहीतक तपासले. त्यांचा निबंध २००५ साली प्रथम प्रसृत झाला आणि २०१३ साली रीतसर प्रकाशित झाला. थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेलही मिळाले. खेळाडूच्या कामगिरीचे मोल आणि त्याला द्यावा लागणारा पगार यांची वजाबाकी केली, तर पहिल्या फेरीच्या शेवटी निवडलेला खेळाडू सरासरीने पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा संघाला अधिक फायद्याचा ठरतो, असे त्यांना आढळले. त्याहून मला थबकवणारा आकडा दुसराच होता. एकाच जागी खेळणारे दोन खेळाडू ओळीने निवडले गेले, तर आधी निवडलेला पुढे सरस ठरण्याची शक्यता सुमारे ५२ टक्के. नाणे उडवले तर ५० टक्के मिळतात. वर्षभराचा प्रवास, शेकडो तासांची चित्रफीत, मुलाखती, इंडियानापोलिसच्या मैदानात घेतलेली उंची-वजनाची आणि चाळीस यार्ड धावण्याची मोजमापे, या साऱ्यांतून हाती येतात ते वरचे दोन टक्के.

या निष्कर्षातला पगाराचा भाग आता बराच सौम्य झाला आहे. २०१० साली पहिल्या क्रमांकाच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. नवा कामगार-करार झाल्यावर २०११ साली पहिल्याच क्रमांकाच्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे २ कोटी २० लाख. वरच्या क्रमांकाचा खेळाडू असा स्वस्त झाला. पण आपल्या पारखीवरचा अतिविश्वास करार बदलल्याने कमी होत नाही. २०२१ साली सॅन फ्रान्सिस्कोने तीन वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क आणि वर आणखी एक क्रमांक देऊन तिसरा क्रमांक मिळवला आणि ट्रे लान्स या क्वार्टरबॅकची निवड केली. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातातून प्रत्येक चाल सुरू होते तो खेळाडू. पुढच्याच वर्षी त्याच संघाने संपूर्ण ड्राफ्टमधला शेवटचा, २६२ वा क्रमांक वापरून ब्रॉक पर्डी नावाचा क्वार्टरबॅक घेतला. लान्स दोन वर्षांत दुसऱ्या संघाकडे गेला; पर्डीने संघाला फेब्रुवारी २०२४ च्या सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत नेले. एकाच घरात, एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली हे घडले.

एवढ्यावरून उत्तर सोपे वाटते: वरचा क्रमांक मोडावा, मागे सरकावे, एका मोठ्या आशेऐवजी चार लहान आशा घ्याव्यात. माझाही कल तिकडेच आहे. परंतु याला एक वजनदार आक्षेप आहे. आमच्या विभागात एका देणगीतून दरवर्षी संशोधक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती दिली जाते. ती एकालाच भरघोस द्यावी की तिघांत वाटावी, यावर समितीत दर हिवाळ्यात वाद होतो. मी वाटण्याच्या बाजूने बोलते. तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी दरवर्षी तेच उत्तर देतात: तीन बऱ्या कवींची बेरीज केल्याने एक मोठा कवी होत नाही. हे म्हणणे खोटे नाही. मैदानावर एका वेळी क्वार्टरबॅक एकच असतो. तीन मध्यम क्वार्टरबॅक बाकावर बसवून सामना जिंकता येत नाही. टॉम ब्रेडी २००० साली १९९ व्या क्रमांकावर मिळाला आणि सात सुपर बोल जिंकून गेला, हे सर्वांना पाठ असते. पण १९९ व्या क्रमांकाची वाट पाहत बसणे हे काही धोरण नव्हे. पेटन मॅनिंग १९९८ साली पहिल्याच क्रमांकावर निवडला गेला आणि त्या निवडीचे त्याने सोने केले. मोठी प्रतिभा असते, ती दुर्मीळ असते आणि पुष्कळदा ती वरच्या क्रमांकावरच सापडते.

मग या आक्षेपाला उत्तर काय? मला वाटते, उत्तर निवडीत नसून निवडीनंतरच्या दिवसांत आहे. दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. २००२ साली ह्यूस्टनमध्ये टेक्सन्स हा नवाकोरा संघ उभा राहिला. नवा म्हणून त्याला पहिला क्रमांक मिळाला. त्याने डेव्हिड कार हा क्वार्टरबॅक निवडला आणि पहिल्याच दिवसापासून मैदानात उतरवला. त्याच्यापुढे भिंतीसारखी उभी राहायला हवी ती धिप्पाड खेळाडूंची रांग या संघाकडे नव्हती. त्या एका हंगामात चेंडू हातात असतानाच कारला ७६ वेळा जमिनीवर पाडण्यात आले. तो विक्रम ठरला. त्याची प्रतिभा किती होती, हे त्यानंतर कुणालाच सांगता आले नाही. पाहण्याची सोयच राहिली नव्हती.

दुसरे उदाहरण २०१७ चे. त्या वर्षी शिकागोने तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर, म्हणजे एकच पायरी वर येण्यासाठी तीन जादा हक्क मोजले आणि मिचेल ट्रुबिस्कीला घेतले. महाविद्यालयात तो आरंभापासून असे फक्त १३ सामने खेळला होता. दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीने पॅट्रिक माहोम्सला घेतले. शिकागोत हे दोन आकडे आजही दु:खाने उच्चारले जातात. एक गोष्ट मात्र त्या दु:खात सोयीस्करपणे विसरली जाते. कॅन्सस सिटीनेही मोठी किंमत मोजली होती. सत्ताविसाव्यावरून दहाव्यावर येण्यासाठी त्यांनी पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क सोडला होता. फरक होता तो घरात. तो संघ आदल्या हंगामात १२ सामने जिंकून आलेला होता. अँडी रीडसारखा मुरलेला प्रशिक्षक होता. ॲलेक्स स्मिथ हा जाणता क्वार्टरबॅक जागेवर होता, आणि स्मिथ स्वतः २००५ साली पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला, त्या ओझ्याखाली बरीच वर्षे काढलेला माणूस होता. माहोम्स वर्षभर त्याच्या मागे उभा राहून पाहत होता. शेवटच्या एका सामन्यात तेवढा उतरला. पुढे त्याने तीन सुपर बोल जिंकले. हाच मुलगा शिकागोत आला असता तर हाच माहोम्स झाला असता का? या प्रश्नाला उत्तर नाही. आणि ते नाही म्हणूनच ‘आम्ही चुकीचा माणूस निवडला’ हे वाक्य वाटते तितके अर्थपूर्ण राहत नाही. निवड आणि संगोपन यांतला दोष कुणाच्या पदरी किती घालावा, हे मागाहून वेगळे काढता येत नाही.

हरणाऱ्याला पहिला मान देण्यातली खरी अडचण इथे आहे. त्याला उत्तम बीज मिळते. त्याची जमीन मात्र नापीक असते, आणि ती तशी आहे म्हणूनच तर त्याला बीज मिळालेले असते. तेव्हा वरचा क्रमांक हाती आला की संघाने पहिला प्रश्न मुलाविषयी विचारू नये, स्वतःविषयी विचारावा: हा मुलगा आला तर त्याला शिकवणार कोण, सांभाळणार कोण, त्याच्यापुढे उभे कोण राहणार, आणि त्याला वर्षभर नुसते पाहत बसू देण्याइतका धीर आपल्याकडे आहे का? उत्तरे ‘हो’ असतील तर जरूर सारे लावावे. नसतील तर क्रमांक मोडावा आणि आधी घर बांधावे.

शिकागोच्याच बाबतीत हे नंतर घडले, त्याचा उल्लेख करायला हवा. २०२२ च्या हंगामात बेअर्स ३ सामने जिंकले, १४ हरले आणि त्यांना पहिला क्रमांक मिळाला. तो त्यांनी कॅरोलायना पँथर्सना दिला. बदल्यात नववा क्रमांक, दुसऱ्या फेरीचे दोन हक्क, पुढच्या वर्षीचा पहिल्या फेरीचा हक्क आणि डी. जे. मूर हा अनुभवी खेळाडू घेतला. नवव्यावरून आणखी एक पायरी मागे येऊन त्यांनी डार्नेल राइट हा रांगेतला रक्षक निवडला. कॅरोलायनाने पहिल्या क्रमांकावर ब्राइस यंगला घेतले. जवळचा सर्वांत चांगला झेलणारा खेळाडू त्याच यंगला मिळवण्यासाठी देऊन टाकलेला होता. त्याने चेंडू फेकायचा कुणाकडे? पँथर्स त्या हंगामात दोनच सामने जिंकले, आणि त्यामुळे त्यांनी शिकागोला देऊन टाकलेला पुढचा हक्क पुन्हा पहिलाच क्रमांक ठरला. २०२४ साली त्यावर शिकागोने केलेब विल्यम्सला आणले. पण घर अजूनही अपुरे होते: पहिल्या हंगामात त्याला ६८ वेळा पाडले गेले आणि प्रशिक्षकाला हंगामाच्या मध्येच जावे लागले. २०२५ मध्ये नवा प्रशिक्षक आला, विल्यम्सपुढच्या रांगेत तीन अनुभवी खेळाडू आणले गेले, आणि त्या हंगामात बेअर्सनी आपला गट जिंकला. विल्यम्स तोच होता.

या सगळ्या हिशेबात ज्याच्याविषयी आपण बोलतो तो मुलगा मात्र कुठेच बोलत नाही. नोकरी कोणत्या शहरात, कुणाच्या हाताखाली करायची, हे ठरवण्याचा हक्क त्याला नसतो. २००४ साली एली मॅनिंगने सॅन डिएगोकडे जाण्यास आधीच नकार कळवला आणि तो न्यूयॉर्कला जाऊ शकला, कारण तो नामांकित घराण्यातला होता. इतरांना हे परवडत नाही. १९९८ मध्ये मॅनिंग की रायन लीफ, यावर जाणकारांत खरोखरच मतभेद होते. त्याच सॅन डिएगोने वरच्या क्रमांकासाठी मोठी किंमत देऊन दुसऱ्या क्रमांकावर लीफला घेतले. काही वर्षांत त्याचा खेळ संपला. पुढे व्यसन, गुन्हा, तुरुंग असे सारे त्याच्या वाट्याला आले, आणि त्यातून बाहेर पडून तो आता व्यसनमुक्तीविषयी बोलतो. त्याच्या वर्तनाला तोच जबाबदार होता, हे तोही सांगतो. तरी ‘इतिहासातील सर्वांत फसलेली निवड’ ही पदवी त्याला मिळाली. निवडणाऱ्यांना तशी पदवी मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. फसलेली निवड हा शब्दप्रयोगच पाहावा: क्रिया निवडणाऱ्याची, आणि डाग निवडला गेलेल्याच्या नावावर.

हा प्रश्न माझ्यासाठी निव्वळ खेळाचा राहिला नाही, याचे कारणही सांगते. १९९७ साली मला प्रवेश मिळाला तो प्रतीक्षायादीतून. वरच्या कुणीतरी नकार दिला म्हणून जागा रिकामी झाली, असे पत्रातच लिहिले होते. म्हणजे त्या वर्षीच्या समितीच्या तक्त्यात माझे मोल काय होते, हे मला नेमके ठाऊक होते. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पहिल्या भेटीत सांगितले की वर्षभर एकही वर्ग घ्यायचा नाही, एकही निबंध छापायला पाठवायचा नाही, फक्त वाचायचे. त्या वर्षाने मला जे दिले ते कोणत्याही यादीतल्या क्रमांकाने दिले नसते. आमच्याच तुकडीत एक मुलगा यादीत पहिला होता. सर्वांत मोठी शिष्यवृत्ती त्याचीच होती. पहिल्या सहामाहीपासून त्याला दोन वर्ग दिले गेले, परिसंवादात बोलायला उभे केले गेले, पाहुण्यांना दाखवले गेले. दुसऱ्या वर्षाच्या वसंतात तो विद्यापीठ सोडून गेला. तो माझ्याहून अधिक हुशार होता, असे मला तेव्हाही वाटत असे आणि आजही वाटते.

यंदाच्या समितीत अर्ज वाचताना मी एक रकाना वाढवून मागितला आहे. विद्यार्थ्याच्या गुणांपुढे आमच्यापैकी कोण त्याला पहिले वर्ष सांभाळणार, त्याचे नाव लिहायचे. ज्याच्यापुढे नाव लिहायला कुणी तयार नाही, त्याला सर्वांत मोठी शिष्यवृत्ती देऊन बोलावू नये, असे माझे म्हणणे आहे. ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्यावर अजून मत दिलेले नाही. पण पहिल्या अर्जापुढच्या रकान्यात त्यांनी स्वतःचे नाव लिहिले आहे.